दसऱ्यानंतरची खाट

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थिनींच्या वतीने चार शब्द लिहावेत, असे सुचविण्यात आले, तेव्हा आम्ही काही जणी एकत्र बसलो. शाळेने आम्हाला काय दिले, हा प्रश्न साहजिकच निघाला. बक्षिसे, सहली, गणिताच्या बाईंचा धाक, सारे आठवले. पण बोलणे फिरून फिरून वसतिगृहातील लोखंडी खाटेवर आणि तिच्याखालच्या पत्र्याच्या पेटीवर येत राहिले.

आम्ही बीड जिल्ह्यातील, बालाघाटाच्या डोंगरकुशीतल्या कोरडवाहू गावांच्या मुली. दसरा-दिवाळी उरकली की गावात ट्रक लागत. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी आई-बाप सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात, ऊस तोडायला जात. चैत्रापर्यंत गावात म्हातारी माणसे तेवढी उरत. मुलगी सोबत गेली की शाळा सहामाहीलाच सुटे. मग कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळणे, पाणी भरणे, भाकरी थापणे. मागे ठेवावी तर कोणाच्या भरवशावर? आमच्या आई-बापांना शिक्षणाचे वावडे नव्हते, त्यांना वयात आलेल्या लेकीची काळजी होती. हे मुद्दाम लिहीत आहोत, कारण त्यांना अडाणी ठरवणारी भाषणे आम्ही पुष्कळ ऐकली आहेत.

या काळजीला व्यवहाराचीही जोड होती. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल मिळते ती कोयत्यावर. मुलाचे लग्न झाले की घरात नवा कोयता तयार होतो आणि मुलीच्या बापाच्या डोक्यावरची काळजी उतरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी दहांत चारांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले; राज्यात हे प्रमाण पाचांत एकीच्या आसपास होते. आकडा वाचून आम्हाला आश्चर्य वाटले नाही. त्यांतल्या कित्येकींना आम्ही नावाने ओळखतो.

१९८५-८६ पासून राज्यात मुलींना बारावीपर्यंत फी नाही. परंतु आमच्या वाटेत फी आडवी आली नव्हती, हंगामाचे सहा महिने आडवे आले होते. आपल्या शाळेने ते सहा महिने आम्हाला झोपायला सुरक्षित जागा दिली. सायंकाळी वंदना, त्रिसरण-पंचशील, मावशींच्या हातची भाकरी, आणि दाराला आतून कडी. आठवी झाली, नववी झाली. खाटेवर काढलेले प्रत्येक वर्ष मांडवापासून एक वर्ष दूर नेत होते. बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत लग्नाची घाई करू नका, असे आयाबायांना बजावले होते. वंदनेनंतर बाई ते सांगत, तेव्हा आम्ही पेंगत असू. अर्थ पुढे कळला.

कळला तो एका मैत्रिणीमुळे. नववीत दिवाळीच्या सुट्टीला ती गेली ती परत आली नाही. जाण्यापूर्वी तिने आम्हा दोघी-तिघींना सांगितले होते, “पाहुणे येऊन गेलेत. कुणाला बोलू नका.” आम्ही बोललो नाही. शपथ पाळली, असे तेव्हा वाटले. बाई तिच्या गावी दोनदा जाऊन आल्या. दुसऱ्या खेपेला कळले की ती कोयत्यावर गेली. तिची पेटी वर्षअखेरपर्यंत खाटेखाली होती. आमच्यापैकी एकीने जरी तोंड उघडले असते, तर बाई सुट्टीआधीच तिच्या घरी पोचल्या असत्या. ही गोष्ट आम्ही आजवर शाळेत कोणाला सांगितली नव्हती.

दहावीच्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एकीच्या वडिलांनी वजनाच्या पावत्या पिशवीतून काढून तिच्यापुढे ठेवल्या. टनाचा दर, खाडे, उचल, सारे तिने वहीत मांडले. मुकादमाच्या हिशेबाशी मेळ बसेना. “आता पोरी हिशेब करायल्या का?” म्हणून तो हसला, पण पावत्या पुन्हा मोजाव्या लागल्या आणि फरक निघाला. त्या वर्षी तिच्या वडिलांनी तिला अकरावीला घालताना कोणाचा सल्ला घेतला नाही.

आज आमच्यात परिचारिका आहेत, शिक्षिका आहेत, एक एसटीत वाहक आहे. काही जणी शेती करतात आणि बचत गटाचे दप्तर सांभाळतात. सगळ्यांना नोकऱ्या लागल्या नाहीत; बारावी होऊन घरी बसलेल्याही आहेत, आणि त्यांना स्मरणिकेत स्वतःविषयी लिहायला संकोच वाटतो, हेही खरे. मात्र आमच्यापैकी कोणीच आपल्या लेकीला सहामाहीला शाळेतून काढलेले नाही.

ती मैत्रीण गेल्या जूनमध्ये शाळेच्या फाटकापाशी भेटली. मुलीला पाचवीत घालायला आली होती. तिने आम्हाला ओळखले, हसली, आणि पहिला प्रश्न विचारला तो खाट मिळेल का, हा. कार्यालयात यादी लांब होती. मुलीचे नाव प्रतीक्षेत लागले. आम्ही सात जणींनी मिळून सात खाटांचे पैसे भरले आहेत. त्या दसऱ्यापूर्वी वसतिगृहात लागाव्यात, एवढी विनंती कार्यालयाला केली आहे.