अन्नाची थट्टा

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरील आमच्या मलकापुरांत रात्रीची पंगत उठली, कीं मुलें विनोदी कलावंतांचा खाण्यावरील पॉडकास्ट लावतात. परवां त्यांत शहरांतील एका उंची, अनेक शाखांच्या उपाहारगृहाची खरपूस हजेरी घेतली गेली. "अन्नाला नांवें ठेवूं नयेत," थोरल्या वहिनी उद्‌गारल्या. परंतु पु. ल. देशपांडे यांनीं 'हसवणूक' (1968) मधील 'माझे खाद्यजीवन' या लेखांत हंसत हंसत खाण्याचें कौतुकच केलें आहे. मुकाट्यानें जेवून उठणें, हाच आम्हांस अन्नाचा खरा अपमान वाटतो. दाम घेणाऱ्या आचाऱ्यास निदान टीका तरी लाभते. घरोघरच्या सुगरणींस पुष्कळदां तीही नाहीं, शाबासकीही नाहीं. वाचकहो, आज आमटीविषयीं दोन शब्द बोलाच!