ओढणीआडचं हसू

देगलूरला आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. पालकसभेला येणाऱ्या काही आया बोलताना ओढणी ओठांवर धरतात. दर वेळी तो पडदा नसतो. कुणाचे दात पुढे आलेले असतात, कुणाचे एकावर एक चढलेले. पस्तिशीतली एक आई म्हणाली, "बाजी, मुलाबद्दल विचारायचं खूप असतं, पण तोंड उघडलं की समोरचा दातच बघतोय असं वाटतं." लहानपणी घरात पडलेलं 'फावडी' हे नाव आणि रिश्ता बघायला आलेल्यांची कुजबुज तिच्या मनातून गेलेली नाही.

याला नखरा म्हणू नये. जर्मन संशोधकांनी २००६ साली तरुण प्रौढांसाठी २३ प्रश्नांची प्रश्नावली केली. दातांमुळे आत्मविश्वास, चारचौघांतला वावर आणि मन यांवर काय परिणाम होतो, हे तिच्यातून तपासतात.

दात वेडेवाकडे येण्यात माणसाचा दोष नसतो. जबडा लहान असतो, दुधाचे दात किडून लवकर पडतात, काही वेळा ते आईवडिलांकडूनच आलेलं असतं. दाटीवाटीच्या दातांत ब्रश किंवा मिस्वाक नीट पोचत नाही, मग कीड लागते.

"आता या वयात तारा?" असं विचारलं जातं. हिरड्या आणि हाड निरोगी असेल तर मोठ्या वयातही दात सरकतात. साधारण दीड ते अडीच वर्षं लागतात, महिना-दीड महिन्यानं दवाखान्यात फेरी होते. नांदेड आणि लातूरला दंत महाविद्यालयं आहेत. आधी तिथं दाखवून खर्च विचारावा.

घरची वडीलधारी म्हणतात, "अल्लाहनं दिलेलं बदलायचं का?" निव्वळ हौसेखातर दात घासून फटी पाडण्याला हदीसमध्ये मनाई आहे. पण हजरत अर्फजा (रजि.) यांचं नाक लढाईत कापलं गेलं. चांदीचं बसवलं तर त्याला दुर्गंधी सुटली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचं बसवायला सांगितलं. दोष दूर करणं वेगळं आणि हौस वेगळी, असं उलेमा सांगतात. शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारावं.

तारा सगळ्यांना परवडणार नाहीत, सगळ्यांना त्यांची गरजही नाही. मात्र नावं ठेवणं थांबवायला पैसे लागत नाहीत. सूरह हुजुरातमध्ये वाईट टोपणनावांना मनाई आहे. आमच्या वर्गात हजेरीपटावरचंच नाव चालतं. घरातही अम्मी-अब्बांनी ठेवलेलंच नाव चालावं.