वाफसा होईपर्यंत पायरी मिटलेली बरी

परभणीहून जिंतूरचा रस्ता धरला की झरी, बोरी मागे पडेपर्यंत काळे रान सोबत करते. पावसाळ्यात इथल्या गाडीची परीक्षा डांबरावर होत नाही. ती पाणंदीत वळल्यावर होते. हल्ली काही मोठ्या गाड्यांना दार उघडताच खाली येणारी आणि दार लागले की पोटाखाली मिटणारी विजेची पायरी असते. तिची निगा कशी राखावी याचे बरेचसे सल्ले बर्फाळ मुलखातले: सांध्यात गोठलेला बर्फ काढा, रस्त्यावर टाकलेले मीठ धुऊन टाका. परभणीत बर्फ पडत नाही, तेव्हा हे आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. मला वाटते, दुखणे तेच आहे. आपल्याकडे ते अधिक चिवट आहे. बर्फ उबेला आला की पाणी होऊन निघून जातो. काळ्या रेगुरातली मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती मात्र पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आवळते. उन्हाळ्यात याच रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. तीच माती पायरीच्या सांध्यात बसली तर ऊन तिला सोडवत नाही, उलट पक्की करते.

पायरीची रचना पाहिली की हे पटते. दाराचा इशारा मिळताच मोटर फिरते आणि दोन-तीन दांड्यांच्या जोडणीवर फळी खाली-वर होते. वाटेत अडथळा आला की मोटर जास्त वीज ओढते, आणि तेवढ्यावरून यंत्रणा थांबते. ही सोय माणसाचा पाय वाचवण्यासाठी आहे. पण चिखलाचा गोळा आणि पाय यांतला फरक तिला कळत नाही. अशा उघड्या सांध्यांना ग्रीस चोपडणे हा हौशी उपाय उलटतो, कारण ग्रीसवर माती चिकटते आणि ती पिना घासत राहते. धुऊन, कोरडे करून सिलिकॉनचा कोरडा फवारा मारणे बरे. धुताना दाबाच्या पाण्याचा झोत मोटरवर आणि वायरींच्या जोडावर थेट नको. नांगराचा फाळ ओला असतानाच खरवडावा, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही, नियम तोच.

यावर आक्षेप येतो, की मग पक्कीच पायरी का नको? पक्की पायरी बांधाला घासते आणि चाकोरीत टेकते, म्हणून तर मिटणारी निघाली. तरी आक्षेपात तथ्य आहे, कारण मिटणारी पायरी उघडी असतानाच अडकली तर पक्कीहून खाली लोंबते. म्हणून बंद करायचे बटण असेल तर पाणंदीत शिरण्याआधीच दाबावे. म्हाताऱ्या माणसांना मग चढायचे कसे, हा प्रश्न उरतोच, आणि ज्या घरात तो रोजचा आहे तिथे साधी पक्की पायरीच बरी, असे माझे मत आहे. जिंतूरच्या पुढे येलदरीकडे जाताना डोंगर जवळ येतो, मुरूम लागतो आणि चिखलाची पकड ढिली पडते. तिथे बटण पुन्हा चालू करायला हरकत नाही. परतताना बोरीच्या अलीकडे ते आठवणीने बंद करा.