पुलेशु

वडील वारल्यानंतर त्यांचें पुस्तकांचें कपाट आवरतांना मनांत जें आलें तें आम्हीं २००९ सालीं एका निबंधांत लिहिलें, आणि भाच्याच्या आग्रहावरून महाजालावर जमणाऱ्या मराठी मंडळींच्या एका मेळाव्यांत तो प्रसिद्ध केला. दुसरे दिवशीं पाहतों तों खालीं दोन अभिप्राय. पहिला, ‘आणखी एक जिलबी! दिवे घ्या.’ दुसरा, ‘पुलेशु.’ जिलबीची उपमा आम्हांस प्रथम गोडच लागली. दिव्यांचा संबंध मात्र कळेना, आणि ‘पुलेशु’ हें एखाद्या स्तोत्रांतील सप्तमीचें बहुवचन असून लिहिणाराचा ‘ष’ चुकला असावा अशी आमची समजूत झाली.

भाच्यानें हंसत हंसत उलगडा केला. जिलबी म्हणजे हात फिरला कीं पडणारें, एकासारखें एक लिखाण. इंग्रजी ‘लाइट’ म्हणजे हलकेंहि आणि दिवाहि. तेव्हां ‘हलकें घ्या, रागावूं नका’ असें सांगण्याऐवजीं ही मंडळी सरळ दिवेच हातीं देतात. आणि ‘पुलेशु’ म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा! वडिलांच्या कपाटाची जिलबी झालेली पाहून आम्ही मनांतून दुखावलों. शुभेच्छा देणारासहि तीन शब्द पुरे लिहिण्याचा कंटाळा यावा, याचें त्याहून वाईट वाटलें.

राग ओसरल्यावर आम्ही ही बोली न्याहाळूं लागलों. तिच्या मूळ शब्दाचीच कुळकथा मौजेची आहे. गलबताचा वेग मोजण्यासाठीं गांठी मारलेल्या दोरीस लांकडाचा तुकडा बांधून तो समुद्रांत टाकीत. त्या लांकडाचें ‘लॉग’ हें नांव पुढें गलबताच्या नोंदवहीस मिळालें. १९९७ सालीं जॉर्न बार्गर या अमेरिकन गृहस्थानें आपल्या जालावरील नोंदींस ‘वेबलॉग’ म्हटलें. १९९९ सालीं पीटर मेरहोल्झ यानें तोच शब्द गमतीनें भलत्या जागीं तोडून ‘वी ब्लॉग’ असा वाचला, आणि ‘ब्लॉग’ जन्मास आला. जगभर चालणारें हें नाणें असें थट्टेच्या टांकसाळींत पडलें.

आमच्याकडे ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ असे दोन शब्द पुढें आले. पहिला सोंवळा. दुसऱ्यांत संस्कृत ‘जाला’चा फडणिशी-चिटणिशींतल्या फारसी ‘निशी’शीं विवाह लागलेला. रोजनिशीची ही धाकटी बहीण आम्हांस फार आवडते. पण बोलतांना लोक ‘ब्लॉग’च म्हणतात. उलट, जे शब्द घडवावयास कोणी मुद्दाम बसलें नव्हतें ते सहज रुळले. आपण लिहून दुसऱ्यास त्याच विषयावर लिहावयास लावणें म्हणजे ‘खो देणें’. शाळेच्या पटांगणांत धांवलेल्या कोणासहि हें समजावून सांगावें लागत नाहीं. व्यक्तिगत निरोप तो ‘व्यनि’. न बोलतां नुसतें वाचीत बसणारा ‘रोमांत’ असतो. इटलीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, ‘केवळ वाचनापुरतें’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवर तें शहर वसलें आहे.

अशी बोली म्हणजे वाड्याची दिंडी. परक्यास वांकून शिरावें लागतें, कपाळास टेंगूळहि येतें. पण आंत गेल्यावर तीच दिंडी आपल्याला घरची वाटते. वर्षभरांत आम्हीहि लोकांना दिवे देऊं लागलों. तो ‘पुलेशु’वाला आमच्या प्रत्येक निबंधाखालीं तींच तीन अक्षरें लिहीत राहिला. टोपणनांवापलीकडे त्याची ओळख नव्हती. पण त्या अक्षरांवांचून निबंध पुरा झाला असें आम्हांस वाटेनासें झालें.

पुढें मंडळी फेसबुक, व्हॉट्सॲप अशी पांगली आणि मेळाव्यांतली वर्दळ ओसरली. एका निबंधाखालीं तीं अक्षरें आलीं नाहींत, दुसऱ्याखालींहि नाहींत. आम्हीं व्यनि पाठविला; उत्तर नाहीं. वडिलांच्या पुस्तकांवर निदान त्यांची सही होती. याचें खरें नांवहि आम्हांस ठाऊक नाहीं. विचारावें तरी कोणाला?

गेल्या महिन्यांत एका मुलीचा पहिलाच लेख वाचनांत आला. आम्हीं खालीं लिहिलें, ‘पुलेशु.’ तिनें विचारलें, ‘म्हणजे काय?’ आम्हीं तीनहि शब्द पुरे लिहून पाठविले.