तू कुठल्या शाळेचा?

उत्तर आयर्लंडमध्ये माणसाचा धर्म सहसा तोंडावर विचारत नाहीत. शाळा विचारली की काम भागतं. शाळेच्या नावात संत असला, पोरगा हर्लिंग खेळलेला असला, तर तो बहुधा कॅथलिक. रग्बी, क्रिकेट खेळलेला असला तर बहुधा प्रोटेस्टंट.

कवी शेमस हीनीला हा हिशेब जरा उशिरा लागू झाला. 1939 साली डेरी काउंटीतल्या मॉसबॉन नावाच्या शेतवाडीवर त्याचा जन्म झाला. कॅथलिक शेतकऱ्याच्या नऊ मुलांतला हा थोरला. जवळच्या अ‍ॅनाहोरिश शाळेत दोन्ही पंथांची पोरं एकत्र शिकत. त्या मुलखात हे दुर्मीळच. म्हणून सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मात्र नाही. पोपचा नाही तर प्रोटेस्टंटांच्या लाडक्या विल्यम राजाचा उद्धार करणारी गाणी पोरांच्या तोंडी असत, हे पुढे हीनीनेच लिहून ठेवलं आहे. पण ज्याला चिडवायचं तो समोर होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच वर्गात बसायचं होतं.

बाराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली आणि तो डेरी शहरातल्या सेंट कोलंब्ज या कॅथलिक निवासी शाळेत गेला. शाळा नामांकित. हीनी आणि राजकीय नेता जॉन ह्यूम, असे दोन नोबेलविजेते तिथून निघाले. पण अशा शाळेत द्वेष शिकवावाच लागत नाही. पलीकडचा माणूस प्रार्थनेला बसतो म्हणजे काय करतो, हा प्रश्न पडायलाच कोणी समोर नसतं. मग उरतात नुसत्या खुणा: नाव, पत्ता, शाळा. त्या खुणांवरून माणूस हेरण्याच्या सवयीवर हीनीने 1975 च्या ‘नॉर्थ’ या संग्रहात बोचरं लिहिलं. आणि ख्रिस्त तर दोन्हीकडे तोच!

पुढे तो शिक्षक झाला, तोही बेलफास्टच्या कॅथलिक शाळेत. प्रोटेस्टंट घरातला, त्याच्याच वयाचा कवी मायकेल लाँगली त्याचा मित्र झाला तो साठच्या दशकात, कवींच्या बैठकीत. कविता नसती तर ही गाठ कुठे पडली असती?

1995 च्या नोबेल भाषणात त्याने किंग्जमिलची हकीकत सांगितली. जानेवारी 1976. कामावरून परतणाऱ्या मजुरांची गाडी बंदूकधाऱ्यांनी अडवली आणि कॅथलिक कोण ते पुढे या, म्हणाले. कॅथलिक एकच होता. मारेकरी प्रोटेस्टंट असणार, असं समजून शेजारच्या प्रोटेस्टंट सोबत्याने त्याचा हात हळूच दाबला: हलू नकोस, आम्ही सांगणार नाही. तरी तो पुढे झाला. पण मारेकरी प्रोटेस्टंट नव्हते; त्यांनी त्याला बाजूला ढकललं आणि बाकीच्यांवर गोळ्या झाडल्या. दहा जण मेले. त्या हात दाबण्यातच हीनीला उद्याची आशा दिसली. हे दोघे बहुधा एका शाळेतले नव्हते, एका कामावरचे सोबती होते, हे विसरून चालणार नाही.

1981 मध्ये बेलफास्टच्या पालकांनी 28 मुलांना घेऊन लॅगन कॉलेज ही मुद्दाम दोन्ही पंथांसाठी म्हणून पहिली एकत्र शाळा काढली. तिथला पंथसंघर्ष मिटवण्यासाठी झालेल्या 1998 च्या शांतता करारात अशा शाळांना उत्तेजन देण्याचं आश्वासन आलं. तरीही आज तिथली दहातली नऊ मुलं अशा शाळांबाहेरच आहेत. तिथल्या शाळांतला धर्मशिक्षणाचा अभ्यासक्रमही चार मोठ्या चर्चनी मिळून बेतलेला. ख्रिस्ती धर्माबाहेरचे धर्म त्यात अकराव्या वर्षानंतर डोकावतात. बेलफास्टच्या एका मुलीच्या वडिलांनी याविरुद्ध कोर्ट गाठलं. नोव्हेंबर 2025 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.