कुंडीतला सह्याद्री

कोल्हापुरात पाहुणे आले की त्यांना अंबाबाईच्या दर्शनाला नेतात, रंकाळ्यावर फिरवतात, हाताशी वेळ असला तर पन्हाळाही दाखवतात. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातल्या वनस्पती उद्यानात मात्र सहसा कुणी कुणाला नेत नाही. तिथे कारंजी नाहीत, फुलांचे गालिचे नाहीत. झाडं आहेत, प्रत्येकापाशी एक पाटी आहे आणि ती वाचत हळूहळू चालायला ज्याला आवडतं त्याच्यासाठी तिथे वेळ घालवायला पुष्कळ जागा आहे. मला आवडतं. श्रावण-भाद्रपदात तर माझे पाय आपसूक तिकडे वळतात, कारण त्या दिवसांत कंदीलपुष्पं फुलतात.

कंदीलपुष्प हे रुईच्या कुळातलं. भारतात त्याच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा पश्चिम घाटाखेरीज जगात कुठेही उगवत नाहीत. काही तर एखाद्या डोंगराच्याच रहिवासी. नाशिकजवळच्या अंजनेरीवरची जात 2006 मध्ये शास्त्राला नव्याने माहीत झाली. ती उजेडात आणणाऱ्या अभ्यासकांमध्ये याच विद्यापीठातले प्रा. एस. आर. यादव होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गडकोट, सडे, घाटमाथे पालथे घालून ही झाडं गोळा केली. म्हणून आज सह्याद्रीचे दूरदूरचे कडे इथे कुंड्यांतून शेजारी शेजारी बसले आहेत.

“जवळ जावा, पण हात नका लावू,” माळीकाका म्हणाले. मी वाकून पाहिलं. बोटाएवढी फिकट हिरवी नळी, बुडाशी जरा फुगलेली. वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली आणि त्यांच्या मधल्या फटी म्हणजे पाच खिडक्या. वासाच्या ओढीने चिलटं त्या खिडक्यांतून आत शिरतात. नळीत खाली वळलेले केस असतात. उतरताना ते आड येत नाहीत, पण परतीची वाट बंद करतात. चिलट बुडाशी अडकतं, तिथे धडपडताना परागपुंज त्याच्या अंगाला चिकटतात. पुढे फूल कलतं, केस सुकतात, वाट मोकळी होते. सुटलेलं चिलट दुसऱ्या फुलात शिरलं की बीज धरण्याची आशा. एवढीशी माशी नसेल तर हा सगळा थाट व्यर्थ, या विचाराशी मी बराच वेळ रेंगाळले.

या झाडाचा जीव असतो जमिनीखालच्या कंदात. उन्हाळाभर वर काही दिसत नाही. पहिल्या पावसानंतर हिरवा कोंब येतो. गुराखी पोरं हे कंद उकरून खातात, साळिंदरं आणि रानडुकरंही खातात. शेकडो वर्षं हे चाललं आहे आणि त्याने झाड संपलं नाही. सडाच खणून नेला, त्यावर रस्ता किंवा बंगला उभा राहिला, की मात्र कंद आणि चिलट दोन्ही एकदमच जातात.

माणसाने वनस्पती उद्यानं कशासाठी उभारली, याचा इतिहास मनात येतो. इटलीतल्या पादुआला 1545 मध्ये बाग लागली ती औषधी वनस्पती ओळखायला शिकवण्यासाठी. कलकत्त्याची 1787 मधली बाग कंपनी सरकारच्या व्यापाराचा हिशेब मनात धरून लावलेली. आपल्या पुण्याजवळ दापोडीलाही 1828 मध्ये सरकारी बाग झाली होती. आधी रोग्याची गरज, मग तिजोरीची. आता कोल्हापूरच्या या लहानशा आवारात गरज आहे ती झाडाची स्वतःची. त्याचा कुणाला काय उपयोग, हे न विचारता त्याला जपायचं. मला ही माणसाची खरी प्रगती वाटते.

तरीही कुंडी म्हणजे डोंगर नव्हे. कुंडीत माती मिळते, पाणी मिळतं, पण कातळावरून वाहणारं धुकं, शेजारचं गवत, तिथलीच चिलटं कुठून आणणार? इथल्या लोकांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून कंदांपासून, बियांपासून, प्रयोगशाळेतल्या ऊतींपासून रोपं वाढवून ती पुन्हा सह्याद्रीत लावण्याचे प्रयत्न झाले. एखादी जात तिच्या डोंगरावरून पुसली गेली, तर परत पेरायला बेणं हवं. शेतकरी बियाणं कितीही भुकेच्या वर्षी मोडून खात नाही. या कुंड्यांमागे तीच शहाणीव आहे.

पण बेणं राखणारा शेत विकून टाकत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. “उद्यानात आहे ना शिल्लक” असं म्हणून अंजनेरीचा, कासचा, आंबोलीचा एखादा सडा मोडायला संमती देऊ लागलो, तर या लोकांच्या कष्टांना आपणच बट्टा लावू. कोल्हापूरकरांनी पाहुण्यांना इथे जरूर आणावं, मुलांना ती पाच खिडक्यांची फुलं दाखवावीत आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांच्यासकट सड्यावर जाऊन तीच फुलं वाऱ्यात शोधावीत. ज्यांनी एकदा ती तिथे पाहिली, ते सड्यासाठी भांडायला उभे राहतील, असा माझा विश्वास आहे.