फडावरचा विद्यार्थी

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा सिरसाळ्यातले प्राध्यापक गूगल मीट कसं चालवायचं हे एकमेकांना फोन करून विचारत होते. मीही त्यांच्यातलाच. परळी तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. विद्यापीठ लांब, तेव्हाच्या औरंगाबादला. वर्गातली बरीच मुलं आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून येणारी.

2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम 4.4 टक्के घरांत संगणक होता. इथल्या मुलांची सगळी भिस्त मोबाइलवर, आणि तोही बहुधा वडिलांचा. वडील शेताकडे निघाले की त्यांच्या खिशातून तासही जायचा. सकाळी लिंक, मग हजेरी, मग पाऊण तासाचं व्याख्यान, मधेच कुणीतरी, “सर, आवाज तुटायलाय.” लाइट गेली की टॉवरही मान टाकायचा. मुलींची तऱ्हा आणखी वेगळी: घरात बसलेली मुलगी म्हणजे रिकामी मुलगी, असा हिशेब असल्यामुळे तास अर्ध्यात सोडून त्यांना चुलीकडे जावं लागे.

अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. राज्यात या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांच्या स्वरूपात ऑक्टोबरात सुरू झाल्या. नेमका हाच ऊसतोडीच्या टोळ्या निघायचा महिना. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. मुलाचा पेपर आहे म्हणून मुकादम गाडी थांबवत नाही. एरवी अशा मुलाचं वर्ष बुडालंच म्हणून समजायचं. त्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने कोल्हापूरकडच्या फडावरून ऑनलाइन पेपर दिला. फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज केलेला, आणि राहायच्या कोपीत रेंज नव्हती म्हणून तो रस्त्याकडेला भरून ठेवलेल्या उसाच्या गाडीवर चढून बसला होता.

पुढच्या वर्गातही फडावर गेलेली मुलं होती. तोड पहाटेच सुरू होते, मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत दिवस मावळतो. सकाळच्या लिंकचा त्यांना काय उपयोग? त्यातल्याच एकाने सुचवलं, “सर, बोलून ग्रुपवर टाका ना, रात्री ऐकतो.” मग दहा-दहा मिनिटांचे आवाजी धडे व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ लागले. साध्या मराठीत, एका धड्यात एकच मुद्दा. उत्तरं रात्री उशिरा यायची, आणि वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीही प्रश्न पाठवू लागल्या. ऑनलाइन शिक्षणाचा खरा फायदा मला इथे दिसला.

कागदावर तर वाट बरीच मोकळी आहे. केंद्राचा ‘स्वयम्’ मंच 2017 पासून चालू आहे, आणि एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये दिली. पण तिथले बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेला बी.ए.चा मुलगा दुसऱ्याच व्हिडिओला गळतो. त्यापेक्षा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची जुनी रीत मला शहाणपणाची वाटते: आधी हातात मराठी पुस्तक, मग बाकीचं. प्रयोगशाळेचं मात्र कुणी सांगू नये. ब्युरेटची तोटी हलकेच फिरवत रंग बदलणाऱ्या थेंबाशी थांबणं व्हिडिओ पाहून येत नाही.

20 ऑक्टोबर 2021 पासून महाविद्यालयं उघडली, आणि 75 टक्के हजेरीच्या नियमात फडावरचा मुलगा पुन्हा गैरहजर ठरू लागला. रात्री ऐकलेल्या धड्यावर त्याने सोडवलेले प्रश्न हजेरीत का धरू नयेत? प्रात्यक्षिकं तो गावी परतल्यावर सलग घेता येतील. हिवाळी परीक्षेला त्याला कारखान्याजवळच्या महाविद्यालयात बसू द्यावं. त्यासाठी आपलं विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ यांच्या परीक्षा विभागांनी गाळप हंगामाआधी एकत्र बसून केंद्रांची यादी ठरवायला हवी.